नानांचा उजवा पाय

सर "डावा" म्हणाले की नाना उजवा पाय टाकायचे. रोज, आणि अगदी आत्मविश्वासाने.

पारोळ्याच्या आमच्या शाळेत उन्हाळी सुट्टीत कुंग फूचं शिबिर भरलं होतं. शिकवणारे सर नाशिकचे. मुलांवर लक्ष ठेवायला शाळेने मला, मराठीच्या बाईंना, नेमलं आणि कंबरेला बरं पडेल म्हणून मीही शेवटच्या रांगेत उभी राहू लागले. शेजारी नाना. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे बूट. पोरं लाथाबुक्क्या शिकायला आलेली. नानांना हवी होती ती तोल सांभाळायची संथ पावलं. घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहायचं म्हटलं की माझे पाय लटलट कापत. नाना मात्र खुशाल. दमलात का विचारलं तर म्हणत, "गाडी थांबेल नही बाई, ब्रेक धरेल शे."

पंचाईत व्हायची ती मागे वळल्यावर. शेवटची रांग पहिली व्हायची आणि नानांचं पाहून अख्खं मैदान उलटं चालायला लागायचं. एकदा सर वैतागले. "नाना, अहो डावा! किती वेळा सांगू?"

"माले डावा समजस सर," नाना शांतपणे म्हणाले. "पन मी घर जाईसन घरवालीना समोर उभा ऱ्हास. मी उजवा टाकस तं ती डावा टाकस. तिले शिकाडानं शे, माले नही."

असा शिकाऊ तुम्ही कुठे पाहिलाय का, मला सांगा.

त्यांची घरवाली म्हणजे अक्का. मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, भीती मात्र गेली नाही. डॉक्टरांनी तोलाचे व्यायाम सांगितले, पण या वयात चारचौघांत हातवारे करायला अक्का तयार नव्हत्या. भिंत धरून खाटेपासून मोरीपर्यंत जायचं, एवढंच त्यांचं चालणं उरलं होतं.

"तिनी एकलीनी ओट्यावर येवाले पाह्यजे," नाना मला म्हणाले. "मी काय जलमभर पुरसू?"

एके सकाळी त्यांनी पिशवीतून अक्कांची जुनी सुती साडी काढली आणि पँटवरूनच नेसले. पोरं हसून लोळायची तेवढी बाकी राहिली. नानांनी पाऊल उचललं, निऱ्यांत अडकले आणि थेट माझ्या खांद्यावर आले. "पाहा सर. साडीमा पाय उचलाना नही, सरकाडाना." सर हसले नाहीत. खाली बसून, निऱ्या एका हाताने धरून, पाऊल जमिनीवरून कसं सरकवायचं ते त्यांनी नानांना दाखवलं. मला त्या दोघांचा हेवा वाटला.

गणपती उठल्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी मी त्यांच्या गल्लीतून येत होते. दारातून नाना पाठमोरे बाहेर आले, ड्रायव्हर माणूस, मागे न बघता. त्यांच्यासमोर, दोन्ही हात मोकळे सोडून, पाऊल सरकवत अक्का. उंबऱ्याशी त्या थबकल्या. नाना नुसते समोर उभे राहिले. अक्का ओट्यावर आल्या आणि खुदकन हसून त्यांनी तोंडाला पदर लावला.

"हात नही लावा मी!" नाना मला ओरडून सांगत होते.

दिवाळी झाली आणि नाना गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं.

मी दारावर, सांत्वनाला गेले तेव्हा अक्का खाटेवर बसून होत्या. त्या दिवसापासून आईने खाट सोडली नाही, सासरहून आलेल्या त्यांच्या लेकीने हळूच सांगितलं. इतकं शिकवलं माणसाने, ते असं वाया जाणार? मला राहवेना. म्हणाले, "अक्का, मलाही येतं थोडंफार. मी रोज संध्याकाळी येईन, समोर उभी राहीन."

अक्कांनी माझा हात हातात घेतला.

"येजो बाई, बसाले येजो," त्या म्हणाल्या. "पन उठाले नको सांगू. आते चालीसन मी कोनाकडे जाऊ?"