बिनखुणेची नानखटाई

दिवाळीच्या फराळातलं बाकी सगळं मी घरी गॅसवर उरकते. चकली बिघडली तर बिघडली, कुणी काही बोलत नाही. नानखटाईचं तसं नाही. ती भट्टीवरून भाजून आणायची असते आणि तिच्याबद्दल आमच्या घरात प्रत्येकाला मत असतं.

आमच्या गावच्या इतवारा पेठेत एक जुनी बेकरी आहे. एरवी तिथे पाव आणि टोस्ट निघतात. दिवाळीच्या तोंडावर मात्र दुपारची भट्टी घरगुती कामाला मोकळी ठेवतात. बायका घरून मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन येतात, तिथल्याच फरशीवर बसून पीठ मळतात आणि गोळे काळ्या पत्र्यांवर मांडतात. सगळ्यांचे पत्रे एकाच भट्टीत जातात, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. कुणी चमच्याचा दांडा दाबतं, कुणी लवंग खोचतं, कुणी बाटलीचं बूच उमटवतं. आमची खूण म्हणजे कपाटाच्या किल्लीचं गोल डोकं. ही सासूबाईंच्या काळापासूनची. सासरे कागद कारखान्यात होते तेव्हा त्या तिथल्या वसाहतीतून डबे घेऊन बसने इथे येत. सासरे निवृत्त झाले, कुटुंब इथे बुधवारा पेठेत राहायला आलं, मी लग्न होऊन आले आणि किल्ली माझ्याकडे आली. कपाट केव्हाच भंगारात गेलं होतं.

भट्टीचं काही वाटत नाही. जीव जातो तो फेसण्यात. तूप आणि साखर परातीत घेऊन तळहाताने फेसायची, पांढरी आणि हलकी होईपर्यंत. त्यातला थेंब पाण्यात टाकून बघायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर पुन्हा हात चालवायचा. हे मी घरीच करून नेते, कारण थेंब सासूबाईंना बघायचा असतो. त्यांना तो नेहमी जरा बुडाल्यासारखा वाटतो.

यंदा पावसाळ्यापासून माझा उजवा अंगठा धरला. पातेलं उचलताना मनगटातून कळ जाते. डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधा आणि हाताला विश्रांती द्या. मी म्हटलं, घरी सांगून बघते.

दसऱ्याच्या जेवणावर सांगितलं. "यंदा भट्टी नाही. विकतची आणू."

"आण की," सासूबाई म्हणाल्या. "मला वाढू नको म्हणजे झालं."

"थोडीच कर," नवरा म्हणाला. भट्टीवर थोडी नानखटाई होत नाही, हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

मुलगी इंदूरला नोकरी करते. तिने फोनवर उपाय सुचवला. "आई, मिक्सर में फेंट ले ना यार. कोण बघायला येतंय?"

फोन स्पीकरवर होता. "मिक्सरमध्ये तूप तापतं. मला पहिल्या घासाला कळतं," सासूबाई तिथूनच म्हणाल्या.

मग भुसावळहून नणंदेचा फोन आला. लेकीचा पहिला दिवाळसण, जावई यायचे होते. "वहिनी, माझा डबा यंदा मोठा भरा हं. मी तिकडे सांगून बसलेय, आमच्या माहेरची नानखटाई खाऊन बघा म्हणून."

झालं. पट्टा काढून ठेवला आणि परात काढली. थेंब बुडाला, पुन्हा फेसलं. अजून बुडतोय असं सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "बुडू द्या. हे शेवटचं वर्ष."

"तू दरवर्षी म्हणतेस," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. मी दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी परात निघायची. आता हात म्हणत होता, पण हाताचं कोण ऐकतं?

भट्टीवर माझ्या शेजारी जवळच्या फोपनार गावची एक बाई बसली होती. एरवी ती गर्दी ओसरल्यावर येते. यंदा घरच्या केळीची कटाई निघाली होती म्हणून लवकर आली होती. तिचे हात भराभर चालत होते. ती मैद्यात मूठ मूठ बेसन टाकत होती आणि वरून जायफळ किसत होती.

"बेसन?" मी विचारलं.

"आमच्याकडे असंच. नुसत्या मैद्याची घशाला बसते," ती म्हणाली. आमची नुसत्या मैद्याचीच असते, त्यात वेलची. तिने माझ्या अंगठ्याकडे बघितलं. "तुमच्या हाताले काय झालं, ताई?"

"झिजला."

ती हसली. तिच्या गोळ्यांवर काहीच उमटवलेलं नव्हतं. "आमची खूण नाही. बिनखुणेची ती आमची. भट्टीवाल्या चाचाले माहीत आहे."

मी किल्ली डाव्या हातात धरून दाबत होते. डाव्या हाताला सवय नाही, खूण वरवरच उमटत होती. भट्टीवाले चाचा पत्रे उचलायला आले. त्यांनी बघितलं. "भाभी, दबा के लगाओ. फूलेगी तो मिट जाएगा."

"मिटू द्या, चाचा," मी म्हटलं. खरोखर, तेव्हा मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

पत्रे आत गेले. बसून काय करायचं, म्हणून मी बाजारात लाह्या-बत्ताशे आणायला गेले. लक्ष्मीपूजनाची गर्दी होती, वेळ लागला. परत आले तेव्हा भट्टी उघडून झाली होती आणि फोपनारची बाई निघून गेली होती. कोपऱ्यात नानखटाईचे पत्रे होते. एकीवरही किल्लीचं डोकं नव्हतं.

चाचा डोकं खाजवत म्हणाले, "दो घर का माल बिना निशान का निकला, भाभी. वो फोपनारवाली पहले निकले पत्रे अपने समझ के ले गई. ये आपका होगा."

"होगा?"

"मतलब, बचा तो यही है."

एक तोडून चाखली असती तर तिथेच कळलं असतं. पण बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, अंगठा ठणकत होता, आणि कळूनही फोपनारला कोण जाणार होतं? डबे भरले आणि घरी आले.

सासूबाई वाटच बघत होत्या. त्यांना हल्ली नीट दिसत नाही, दातही थोडेच उरलेत. मी बशीत दोन ठेवल्या आणि आतून पाणी आणायला गेले. मुलगी आदल्या दिवशीच आली होती, ती त्यांच्याजवळ बसून खात होती. बाहेर आले तर सासूबाईंनी बशी पुसून घेतली होती.

"आता जमली," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी जमली बघ तुला."

"सच में आई, एकदम मस्त," मुलगी म्हणाली. नवरा उभ्या उभ्या तिसरी खात होता.

मी एक घेतली. जिभेवर आधी जायफळ आलं, मागोमाग बेसन. मी वेताच्या मोढ्यावर बसले. त्यांनी चुका काढल्या त्याचं मला कधी फार वाटलं नव्हतं. या शाबासकीचं मात्र वाटलं. मी ज्या कामात हात घालवला, ते या घरात कुणाच्या तोंडाला ओळखू येत नव्हतं.

गप्प बसणं सोपं होतं. पण गप्प बसले असते तर पुढच्या वर्षी हीच चव मागितली असती, आणि तीही माझ्याकडूनच.

"ही आपली नाही," मी म्हटलं. "भट्टीवर बदलली. फोपनारच्या एका बाईची आहे. आपली तिच्याकडे गेली."

मुलगी आधी आजीकडे बघायला लागली, मग खाली मान घालून हसायला लागली. "आजी, पहिल्या घासाला कळतं ना तुला?"

"गप गं," सासूबाई म्हणाल्या. जरा वेळ त्यांनी रिकामी बशी हातात फिरवली. "बेसन घालतात वाटतं ते लोक."

"घालतात."

"हाताने फेसलेली आहे पण."

"तिचा हात चांगला आहे अजून," मी म्हटलं.

त्यांनी बशी पुढे केली. मी आणखी एक वाढली.

भाऊबीजेला नवरा डबा घेऊन भुसावळला गेला. संध्याकाळी नणंदेचा फोन आला तो आईसाठीच. जावयांनी दोनदा मागून घेतली, म्हणाली, अगदी तुझ्या हातची आठवण आली. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मी समोरच भाजी निवडत होते.

"हो," त्या म्हणाल्या. "यंदा भट्टी चांगली लागली." मग म्हणाल्या, "पण आता तुझ्या वहिनीचा हात काम देत नाही. पुढच्या वर्षीपासून डब्याची वाट बघू नकोस. तिकडे भट्टी असेल ना एखादी? जा, बस तिथे."

पलीकडून नणंद बरंच काही बोलत होती. सासूबाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि थोड्या वेळाने बंद केला.

मी परात घासली, पुसली. मुलीने ती माळ्यावर चढवली. किल्ली डाळीच्या डब्यात पडली होती, ती काढून ठेवली आणि माझा मनगटाचा पट्टा कुठे आहे ते विचारलं. सासूबाईंनी तो आपल्या उशाखालून काढून दिला. कोपरा दुखतो म्हणून दोन दिवस त्याच वापरत होत्या.

"बांध," त्या म्हणाल्या. "आणि ती किल्ली टाकून दे आता. तिचं कपाटही केव्हाच गेलं."

मी पट्टा बांधला. एका हाताने बांधता येत नाही नीट, दोनदा सुटला.