जे मागेल ते खाऊ घाला

राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी न विचारता माझ्या पोटावरची साडी बाजूला सारली. भोवती शिकाऊ पोरंपोरी. माझ्या पोटावर बोट ठेवून ते इंग्रजीत शिकवत होते. त्यात एक शब्द ओळखीचा आला, लिव्हर.

मी विचारलं, "म्हणजे माह्या कलेजीले लागलं का जी?"

पोरं फिसकन हसली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, कलेजी मटणाच्या दुकानात. तुम्हाला समजून काय करायचंय? यजमानांना पाठवा."

मी नागपूरच्या एका शाळेत खिचडी शिजवते. माहेर उमरेडचं, कोष्ट्याचं. माझ्या बोलण्याला लोक हसतात, त्याची सवय आहे. पण उघड्या पोटाने कधी हसू ऐकलं नव्हतं. लाज वाटली. मग लाज वाटल्याचाच संताप आला. कॅन्सर माझ्या आतड्यात, आणि लाजायचंही मीच?

नवरा डॉक्टरांना भेटून आला. संध्याकाळी खाटेशी बसून म्हणाला, "काय खावंसं वाटते वं तुले? सांबारवडी आणू?"

उभ्या संसारात या माणसाने मला हे कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे असं कुणाला विचारतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या सासऱ्यांना विचारलं होतं. आठवड्याच्या आत तिरडी बांधली.

"काय सांगतलं डॉक्टरनं?"

तो रडायलाच लागला. "फैल गया म्हणे. घरी न्या, जे मांगन ते खाऊ घाला."

"अन् ऑपरेशन?"

"मी नाही इचारलं. मोठा माणूस हाये तो."

सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसले.

"मावशी, बाहेर लाइन आहे."

"लाइनीतूनच आली मी. कापून निघते का नाही, मले सांगा. नाही निघत, त काहून नाही, तेही मलेच सांगा."

त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. लिव्हरवर गाठी आहेत, म्हणाले. तसलं ऑपरेशन इथे होत नाही. दुसरीकडे करतात, कुणाकुणाचं होतं.

"मंग काल खाऊ घाला काहून सांगतलं?"

त्यांनी घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला.

दुसऱ्या दवाखान्यातल्या सर्जनबाई माझ्याशीच बोलल्या. आधी सलाइनमधून औषधं. गाठी आकसल्या तर आतड्याचा रोगट भाग काढू, लिव्हरचाही. पोटावर शौचाची पिशवी लागू शकते. रोग उलटूही शकतो. मी घाबरले, पण मला अंधारात ठेवलं नाही, याचं बरं वाटलं. मग कित्येक महिने औषधं चढली. तोंड सोललं. थंड पाण्याला हात लावला की करंट बसायचा. मरणाची चिडचिड केली, पण एक सलाइन चुकवली नाही. गाठी आकसल्या.

उद्या ऑपरेशन आहे. मघाशी सिस्टर कागद घेऊन आली. म्हणाली, "यजमान कुठे आहेत? सही पाहिजे."

"पोट माहं हाये, सिस्टर. पयली सही माही. अन् आधी मराठीत सगळं वाचून दाखवा."

ती वाचायला लागली. नवरा दाराशी उभा होता. एका ओळीपाशी सिस्टर थांबली, त्याच्याकडे बघू लागली. ऑपरेशनमध्ये जीव जाऊ शकतो, अशी ती ओळ होती.

"इकडे पाहा," मी म्हटलं. "तेही वाचा. माह्या परभारे आता काहीच नाही."