उतरवलेला बावटा

कोकणातला माणूस भेटला की बाहेरचे लोक दोनच गोष्टी विचारतात — आंबे कधी येणार, आणि तुमच्याकडे भुतं खरंच असतात का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. दुसरा आला की माझं डोकं फिरतं. या सदरातले जुने वाचक मला ओळखत असतील. वडाखालची बाई, मागून येणारी पावलं, असले अनुभव कुणी लिहिले की खाली "जागरण कमी करा, पोट साफ ठेवा" अशी प्रतिक्रिया टाकणारा तो मीच. आजही माझं मत तेच आहे. तरी हे लिहितोय, कारण आता सत्तरी ओलांडली आहे आणि ही गोष्ट मी ज्या एकाच माणसाशी पुरती बोललो होतो, तो गेल्या वर्षी वारला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत बंदरावरच्या एका कचेरीत कामाला होतो. माझ्या कामांपैकी एक काम म्हणजे बावटा. समुद्रात वादळाचं चिन्ह असलं की कचेरीत तार यायची. मग टेकडीवरच्या उंच लोखंडी काठीवर मी बावटा चढवायचा — बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर डांबर फासलेलं काळं कॅनव्हास, आकाराने एखाद्या मोठ्या टोपल्याएवढा. तेव्हा आमच्याकडच्या मच्छीमार लाँचवर वायरलेस वगैरे काही नव्हतं. समुद्रात असलेल्या माणसाला किनाऱ्यावरून काही सांगायचं तर हा एकच मार्ग. बावटा दिसला की जाळं ओढायचं आणि घर गाठायचं, हे मिरकरवाड्याच्या मच्छीमार वस्तीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं.

माझा धाकटा भाऊ सदा तांडेल होता, म्हणजे लाँचचा मुख्य. हाताखाली चार खलाशी. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला मीच वाढवला म्हटलं तरी चालेल. सदा मला मान द्यायचा आणि माझी टिंगलही करायचा, दोन्ही सारख्याच जोरात.

टिंगलीला कारण मीच दिलं होतं. आदल्या वर्षी ऐन स्वच्छ उन्हाच्या दिवसांत मी बावट्याला नवीन डांबर फासलं. शेडमध्ये वाळायला दोन दिवस लागले असते, म्हणून मी सरळ काठीवर चढवून उन्हात वाळत घातला आणि घरी जेवायला गेलो! परत येतो तर बंदरात गोंधळ. तेरा लाँच जाळी अर्धवट टाकून जीव घेऊन परत आल्या होत्या. साहेबांनी मला मेमो दिला, तो परवडला. मिरकरवाड्यात जे ऐकून घ्यावं लागलं ते परवडलं नाही. सदा तर वर्षभर जेवायला बसताना विचारायचा, "काय रे दादा, आज काय वाळत घातलंस?" मी चिडायचो. शालन — म्हणजे त्याची बायको — तोंडाला पदर लावून हसायची. मग मलाही हसू यायचं.

तर त्या वर्षी दिवाळी उलटून गेली होती. बावटा चढवून चार दिवस झाले होते. सगळ्या लाँच जेटीला बांधलेल्या. समुद्र तर शांत दिसत होता, त्यामुळे लोक आणखी कावलेले. सदाला घरात बसायची सवय नव्हती. तो शालनच्या चुलीपाशी बसून लाकडं नीट रचून दे, परत काढ, परत रच, असले उद्योग करायला लागला होता. मला सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न — "तुझं ते काळं टोपलं कधी उतरवतंस?"

पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला तार आली. वादळ लांब सरकलंय, इशारा काढा. मी टेकडीवर गेलो, बावटा उतरवला, शेडमध्ये ठेवला, त्यावर माझी डब्याची पिशवी ठेवली, कुलूप लावलं, चावी खिशात घातली. नोंदवहीत आठ वाजता असं लिहिलं. इथपर्यंत माझं काम होतं, आणि ते मी बरोबर केलं.

पण मी तिथे थांबलो नाही. कुणी सांगितलेलं नसताना सायकल काढून जेटीवर गेलो. जेटीवरून काठी दिसत नाही, टेकडीचा कोपरा मध्ये येतो. ती बघायला वर वळणापर्यंत चालत जावं लागतं. म्हटलं, सदाला आपणच सांगावं. खूश होईल.

झालाही. "खरंच उतरवलास?"

"माझ्या हातानं उतरवलाय. ही बघ चावी. तू बिनधास्त जा."

शेजारच्या लाँचवर इब्राहिमचाचा जाळं नीट करत होते. जुने तांडेल, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी उठले आणि म्हणाले, "मी वळणावर जाऊन बगून येतो."

"चाचा, मी सांगतोय ना," मी म्हटलं.

"सांगतोस रे. पण मी काठीला ओळखतो. माणसाचं काय..." असं म्हणून ते चढण चढून गेले आणि काठी मोकळी आहे हे डोळ्यांनी बघून परत आले. ही त्यांची कायमची रीत होती. त्यात माझा अपमान नव्हता. पण मला तेव्हा राग आला, हे कबूल करतो.

सदा त्यांच्याकडे बघून मला डोळा मारत म्हणाला, "दादा, आता परत डांबर फासायला घेऊ नको हां."

त्याचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. नऊ लाँच गेल्या.

दहाच्या सुमाराला मी पुन्हा टेकडीवर गेलो. काठीची दोरी एके ठिकाणी झिजली होती. तो तुकडा कापून नवीन जोडायचा होता. हे मुद्दाम नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. दहा ते पावणेबारापर्यंत मी काठीच्या बुडाशी बसलो होतो. दोरीची दोन्ही टोकं माझ्या मांडीवर होती. काठीवर काहीही नव्हतं. मी वर बघत होतो, कारण दोरी कप्पीत अडकत होती. वर फक्त आभाळ. तेही निळं.

काम संपवून समुद्राकडे बघितलं तर लाँच परत येताना दिसल्या. एकामागे एक, सरळ बंदराच्या दिशेने. मला कळेना. एवढ्यात जाळी भरणं शक्य नव्हतं. मी मोजल्या. आठ. सदाची नव्हती. मी मनात म्हटलं, सगळ्यांत शहाणा आपला सदाच. चार दिवसांनी समुद्र मोकळा मिळालाय तर काम करतोय, या भित्र्यांसारखा पळून येत नाही.

हे वाक्य मला झोपेतसुद्धा ऐकू येतं...

एकच्या पुढे नैर्ऋत्येला आभाळ काळं झालं. वारा आधी पूर्ण पडला, मग असा आला की शेडचा पत्रा वाजायला लागला. पावणेदोनला दुसरी तार — वादळ फिरलंय, किनाऱ्याकडे येतंय. सव्वादोनला मी शेडचं कुलूप काढलं. बावटा ठेवला होता तिथेच होता. त्यावरची डब्याची पिशवीही तशीच. वाऱ्यात तो चढवताना दोरीने माझ्या दोन्ही तळव्यांची सालं गेली. तोपर्यंत समुद्र दिसतच नव्हता. कुणासाठी चढवत होतो, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी भाट्याच्या वाळूवर सदाच्या लाँचचा बर्फाचा पेटारा लागला. एका खलाशाचं प्रेत पूर्णगडच्या बाजूला मिळालं. सदाचं काहीच मिळालं नाही. शालन तेव्हा सव्वीस वर्षांची होती. ती पेटाऱ्याला हात लावून बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी तिच्या समोर जाऊ शकलो नाही.

चौथ्या दिवशी मी जेटीवर बसलो होतो. इब्राहिमचाचा येऊन शेजारी टेकले. मग मीच म्हटलं, "चाचा, तार काहीही सांगो, मी त्या दिवशी बावटा उतरवला नसता तर पाच माणसं घरी असती."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोललोय.

"उतरवलास तो सकाळी. मग चढवलास ना परत? तू चढवलास म्हणून तर आमी आठ जण माघारी फिरलो."

"मी सव्वादोनला चढवला, चाचा. तुम्ही बाराला आलात."

"सव्वादोनचं मला ठावक नाय. साडेदहा झाले असतील. जाळं टाकायच्या जागेची खूण धरायला मागं बगितलं, काठी नि देवळाचा कळस एका ओळीत घ्यायला. काठीवर बावटा होता."

"ढग असेल. घार बसली असेल."

"घार डावीकडं कलते काय? तुझ्या बावट्याची एक दोरी आखूड हाय, तो डावीकडं कलतो. सगळं बंदर ओळखतं त्याला. तसाच कललेला होता."

मग एकदम एक गोष्ट डोक्यात आली.

"मग सदाला... सदाला दिसला नाही?"

चाचा हातातल्या जाळ्याच्या दोऱ्याला गाठी मारत राहिले. मी त्यांना दोनदा विचारलं. आता वाटतं, विचारायला नको होतं.

"दिसला," ते म्हणाले. "त्याची लाँच माझ्यापासून हाकेवर. मी वरडलो, सदा, बावटा चढलाय, फिरव. त्यान मागं बगितलंन. चांगलं बगितलंन. नि हसायला लागला. मला वरडून सांगितलंन, चाचा, दादान परत डांबर वाळत घातलान! मी म्हटलं, बाबा, असूदे, चल तू. तर म्हणतो, दादा स्वता सांगून गेलाय मला, चावी दाखवलीन. मी त्याचं ऐकू की टोपल्याचं?"

एवढं सांगून चाचा रडले. मी नाही रडलो. मला आठवतं, मी तळव्यांवरच्या पट्ट्या सोडत बसलो होतो.

नंतर मी बाकीच्या सात तांडेलांना एकेकट्याला गाठून विचारलं. दोघे म्हणाले, आम्ही पुढची लाँच फिरली म्हणून फिरलो. पाच जणांनी बावटा स्वतः बघितला होता. पाचांपैकी तिघांनी न विचारता सांगितलं — डावीकडे कललेला. चाचांनी तर सकाळी तीच काठी मोकळी बघितली होती. त्यांना काठी आणि ढग यातला फरक कळत नव्हता, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मी लॉजिक सोडलेलं नाही. चार दिवस रोज बावटा बघून डोळ्यांत बसला असेल. उन्हात हवा थरथरते, तसलं काही असेल. मनात भीती होतीच, एकाला भास झाला आणि बाकीच्यांनी मागाहून आपल्यालाही दिसला असं धरलं असेल. हे सगळं मी स्वतःला हजारदा सांगितलंय. पण मग सदाला का दिसला? त्याच्या मनात तर भीतीचा लवलेश नव्हता. मी ती सकाळी साडेआठला जेटीवर जाऊन स्वतः काढून घेतली होती. आणि मी... मी तर त्याच काठीखाली होतो. आठ लाँचची माणसं वाचवणारी ती वस्तू तीन मैलांवरून दिसत होती, आणि बुडाशी बसून वर बघणाऱ्याला दिसली नाही.

जे काही होतं ते होतं. मी त्याला नाव देणार नाही, कारण मला माहीत नाही. एवढं मात्र कळतं की त्याने भेदभाव केला नव्हता. ते नऊही लाँचसाठी वर चढलं होतं. सदासाठीही. माझा भाऊ त्याच्या आणि माझ्यामध्ये सापडला, आणि त्याने माझं ऐकलं.

पुढच्या वर्षी मी ते काम सोडायला अर्ज दिला. हातखंब्याला एका वखारीत कारकुनी करून संसार रेटला. चाचांनी ती गोष्ट आमच्या घरात कधी कुणाला सांगितली नाही. माझ्याशी मात्र दरवर्षी एकदा बोलायचे, मी ऐकायला जायचो म्हणून. तेच गेल्या वर्षी गेले.

शालन आमच्याच घरात असते. आता तिचे केस पांढरे झालेत. दिवाळी उलटली की एका दुपारी ती माझ्यासमोर चहा ठेवते, दाराच्या चौकटीला टेकते आणि विचारते. चाळीस वर्षांत शब्द बदललेले नाहीत.

"भावोजी, ह्यांना बावटा दिसला असता तर हे फिरले असते ना?"

"फिरला असता गो."

"म्हंजे बावटा नव्हताच."

"नव्हता. मी माझ्या हातानं उतरवला होता."

तिला तेवढं पुरतं. ह्यांनी आपल्या हट्टाने जीव घालवला नाही, एवढंच तिला ऐकायचं असतं. ती कप उचलून आत जाते. आणि बावटा उतरवल्याचं बोललो त्यात खोटं काहीच नसतं, नोंदवहीतही तसंच लिहिलेलं आहे. पण दरवर्षी त्या दुपारी मी तो बावटा पुन्हा एकदा उतरवतो, आणि सदा पुन्हा एकदा माझ्याकडे बघून हसतो आणि पुढे जातो.