पितरांच्या आधी वाढलेले पायसम

अंबुजाबाईंची आणि माझी पहिली भेट मला आठवत नाही, कारण तेव्हा मी ग्लानीत होते. चार वर्षांची होते, आदल्या दिवशी ताप येऊन गेला होता, आणि तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या घरी पणजोबांचे श्राद्ध होते. पितरांची पाने होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही, पोरांनीसुद्धा. दुपार कलली तरी मंत्र चालूच. कॉलेजात जीवरसायन शिकवणाऱ्या शेजारच्या अंबुजाबाई डोकावल्या, त्यांनी मला हलवून पाहिले आणि पितरांच्या पानावरचे पायसम, म्हणजे गोड खीर, उचलून चमच्याने माझ्या तोंडात घातले. मग रिक्षाने इस्पितळात नेले.

“अय्यो, पितरांच्या अगोदर पोरीस?” मोठे काका ओरडले.

“पितर थांबतील. पोरीस थांबणे जमायचे नाही,” बाई म्हणाल्या.

‘हे वगळा, घराण्याची मंडळी दुखावतील, बाईंच्या अध्यापनावर लिहा,’ असे बाईंच्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला कळवले. मुळीच वगळणार नाही! बाईंचे अध्यापन त्या चमच्यातच होते.

पुढे मी त्यांची विद्यार्थिनी झाले. फळ्यावर मेदाम्लाची लांब साखळी काढून त्या समजावत: पोट रिकामे राहिले की पेशी साठवलेली चरबी वापरतात, साखळीचे दोन-दोन कार्बनांचे तुकडे कापत जातात आणि त्यातून शक्ती मिळवतात. ते कापणाऱ्या विकरांपैकी, म्हणजे एन्झाइमांपैकी, एक माझ्या शरीरात धड नाही. उपाशी राहिले की साखर संपते आणि चरबी असूनही उपयोगाची नाही. माझा थोरला भाऊ असाच तापात न खाता गेला. त्यावर घराण्याने निकाल काय दिला? आई पांढऱ्या पायाची! हे बोलताना कुणाची जीभ अडखळली नाही.

बाईंनी माझे रक्त तपासायला लावले आणि अहवाल घेऊन काकांसमोर उभ्या राहिल्या. “दोष अर्धा आईकडचा, अर्धा बापाकडचा. दोन्ही मिळाल्याविना हे होत नाही.” काकांनी पाठ फिरवली. बाईंना त्या घरचे बोलावणे बंद झाले. आज तीच मंडळी सत्कार समितीत पुढच्या खुर्च्या अडवून बसली आहेत! आईची माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही.

मी आता तंजावूरजवळ पापनाशमला शिकवते. रोज सकाळी बाईंचा फोन येतो, “खाल्लीस का गं?” एवढेच विचारून त्या ठेवतात.

बाई, पंच्याहत्तरी झाली. शंभरीही अशीच ठणठणीत, वेळेवर जेवून गाठा. आई मराठी बोलते, पण शाळा तमिळमध्ये झाल्याने तिला देवनागरी वाचता येत नाही. म्हणून सत्काराच्या दिवशी तिला पहिल्या रांगेत बसवून हा लेख मी मोठ्याने वाचून दाखवणार आहे. मंडळींनीही ऐकावा.