वितीची चूल

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आमच्या मुरबाडकडच्या गावात चुली घालणारी एक बाई होती. अंगणातली चूल ती पाण्याच्या हंड्याच्या घेरानं घाली आणि घरातली रांधणारीच्या वितीनं. कुणी तिच्या चुलीला नावं ठेवली की कंबर कसून उभी राही. "माजी चूल धुरंल? तुजी लाकडाच वली!"

मी सोळा वर्षांची नवी सून, ऐट मात्र चाळिशीची. तिनं वीत मागितली, तेव्हा पोक्त दिसावं म्हणून मी बोटं दुखेस्तोवर ताणली. चूल एवढी रुंद झाली की तवा आत कलंडला आणि पहिली भाकरी राखेत. सासूबाई कडाडल्या, "हिला माहेरी धाडा!"

चूलवाली आली. तिनं चूल पाहिली, मग माझा हात पाहिला. कधीच चूक न मानणारी ती बाई म्हणाली, "चूक माजी झाली, वयनी. पोरीला नाय बोलायचं."

नवी चूल घालताना हळूच पुटपुटली, "मोठी व्हशील तवा मोठी घालीन गो."

पाच लेकरं झाल्यावर मी तिला बोलावलं आणि हात पुढे केला. मोजण्याआधी तिनं माझ्या बोटांवर एक चापट मारली.