उंदीर कमी करणारा मुलगा

आमच्या सातपूरच्या कॉलनीत संघर्षइतका निरुपद्रवी मुलगा दुसरा नाही. कॅरम खेळताना समोरचा रडवेला झाला की हा हातची राणी मुद्दाम घालवायचा. त्याचं नाव संघर्ष काय पाहून ठेवलं, कोण जाणे.

मोठा होऊन तो मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागला. त्यांचा खेळ असा: कांदा साठवायच्या चाळीवर उंदरांच्या टोळ्या चालून येतात आणि आपण वाटेवर मांजरं, गोफणवाले, बुजगावणी उभी करून त्यांना अडवायचं. एका टोळीला म्हणायचं वेव्ह. त्यातला एक प्रकार न संपणारा. चाळ फस्त होईपर्यंत वेव्हमागून वेव्ह येतच राहते. कितव्या वेव्हला किती उंदीर सोडायचे आणि ते किती दांडगे, हे ठरवायचं काम संघर्षचं. फार आले तर माणूस वैतागतो, फार कमी आले तर जांभया देतो. हा बापडा, खेळून बघणाऱ्या कुणाचं तोंड पडलेलं दिसलं की लगेच उंदीर कमी करी. मालक कपाळ बडवून घ्यायचा.

अशा मुलाचं लग्न जमवायचं मी अंगावर घेतलं. मुलगी मनाली, सिन्नरच्या एका कारखान्यात तयार माल तपासते, खोट दिसली की बाजूला काढते. दोघांची पसंती झाली होती. राहिला होता तो तिच्या वडिलांचा होकार, आणि त्यासाठी एका रविवारी सकाळी धोंडीराम लेकीला घेऊन घर बघायला आले.

जय भीम झाला, पाणी झालं. धोंडीराम म्हणाले, मुलगा काय काम करतो ते गावात कुणालाच सांगता येईना, तेव्हा कामच दाखवा. संघर्षनं फोन हातात दिला. दुसऱ्याच वेव्हला उंदरांनी पाहुण्यांची चाळ साफ केली. धोंडीरामांचा चेहरा उतरला. संघर्षच्या आईचा, लताबाईंचा, त्याहून जास्त उतरला. होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच भेटीत हरवणारा जावई मी तरी पाहिलेला नव्हता.

संघर्ष गुपचूप स्वयंपाकघरात गेला. तिथं त्याचा लॅपटॉप होता. त्यावर आकडे बदलले की फोनवरचा खेळ बदलत असे. मग काय, धोंडीराम जिंकू लागले. त्यांच्या कपाळाला जरा आठी पडली की हा आत पळे आणि उंदीर कमी करून येई. पोहे गार झाले. चहा पुन्हा टाकला. पाहुण्यांना घेऊन आलेला जीपवाला बाहेर हॉर्न देऊन थकला. मी तारखेचा विषय काढला की धोंडीराम मान वर न करता म्हणत, एवढी वेव्ह होऊ द्या. आणि वेव्ह तर संपणाऱ्या नव्हत्याच. पाहुण्याला पुरे म्हणायची सोय नाही, आणि त्याला हरू द्यायची याची छाती नाही. माझं डोकं असं तापलं की सांगता सोय नाही.

शेवटी मनाली उठून आत गेली. मी मध्यस्थ, म्हणून मागोमाग गेलो. तिनं लॅपटॉपवरचे आकडे पाहिले.

"आज बाबांना उंदरांपासून वाचवताय," ती म्हणाली. "उद्या माझं आणि तुमच्या आईचं वाजलं तर कुणाची बाजू घ्याल?"

"दोघींची," संघर्ष म्हणाला.

"मग मी नाही म्हणून सांगते बाबांना."

आता बाबांना हरू द्यायचंच, म्हणून संघर्ष लॅपटॉपवर वाकला. त्यानं उंदरांचा आकडा वाढवला आणि घाईत दोन शून्यं जास्त पडली. बाहेर फोनवर उंदीरच उंदीर झाले. मांजरं दिसेनात, चाळ दिसेना, फोन तव्यासारखा तापला. धोंडीरामांनी तो हळूच टेबलावर ठेवला. लताबाईंनी डोळे मिटून घेतले.

संघर्ष त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काका, हे मी केलं. आणि आधी तुम्ही जिंकत होता, तेही मीच करत होतो."

 धोंडीरामांनी पाठ टेकली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"बरं झालं बाबा. चाळीत उंदीर कधी इतकं कमी असत्यात का? मला लय कंटाळा आलता. पण तू एवढ्या हौसेनं दिला, तुझं मन कसं मोडायचं, म्हणून खेळत बसलो." ते लेकीकडे वळले. "पोरी, हा तर माझ्यासारखाच निघाला. तुला सवय हाय."

"सवय आहे म्हणूनच असा दुसरा नको होता," मनाली म्हणाली. "पण ह्यांनी कबूल तरी केलं. तुम्ही आजीचीही बाजू घ्यायचात, हे आईपुढं अजून कबूल केलेलं नाही."

धोंडीरामांनी मान खाली घातली आणि मला म्हणाले, तारीख काढा.