डोलकाठीवरचा निळा काठ

इयनचा फोन आला तेव्हा मी ग्लासगोला, माझ्या किचनमध्ये मेथी निवडत बसले होते. इयन म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या म्युझियमचा क्युरेटर. "डॉक्टर, वासू गेली," एवढंच इंग्रजीत म्हणाला. वसूला तो वासूच म्हणायचा. आमची वसुधा जाऊ शकते हे माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. आजारी होती, मला सगळं ठाऊक होतं, मी स्वतः डॉक्टर... तरी हातातली मेथी तशीच राहिली आणि मी भरल्या घरात पोरकी झाल्यासारखी रडले.

पुण्यात आम्ही एकत्र शिकलो, नवऱ्यांमागून इकडे आलो. मी ॲनेस्थेटिस्ट झाले, ती इयनच्या त्या बंदराच्या गावात जीपी, म्हणजे गावची फॅमिली डॉक्टर. तिचा अशोक गेला, ती रिटायर झाली, आणि बेसिंगस्टोकला आयटीत असलेल्या समीरनं, तिच्या एकुलत्या एका मुलानं, धोशा लावला : "आई, तू घरी ये. तिथं तुझं कोण आहे?" बिचाऱ्यानं तिच्यासाठी खालच्या मजल्यावर खोलीसुद्धा बांधून घेतली. ही म्हणायची, "माझे खलाशी आहेत ना!" कारण तोवर ती म्युझियममध्ये गाईड झाली होती. पूर्वी त्या बंदरातून उत्तरेच्या बर्फात देवमाशांच्या शिकारीला जहाजं जायची, त्याचं ते म्युझियम. आणि गाईड कोण, तर अंडंही न खाणारी, शेजारी कोणी बांगडा तळला तरी खिडक्या लावून घेणारी आमची वसू!

पण बोलायची काय सांगू! एकदा मी शाळेच्या मुलांमागे उभी राहून ऐकलं. डोलकाठीच्या टोकाला पिंप बांधलेलं, त्यात एक माणूस उभा, पापण्यांवर बर्फ धरलेला, देवमासा दिसतो का बघत. खाली चरबीची पिंपं, तो वास कपड्यांत, केसांत, भाकरीत. मग एक दिवस चारी बाजूंनी बर्फ मिटतं. माणसं करवतींनी ते कापत बसतात आणि आज कापलेलं उद्या पुन्हा गोठतं. खाणं अर्ध्यावर येतं. हिरड्या सुजतात, दात हलतात, कधीच्या भरलेल्या जखमा उघडतात. आणि जहाजावरचा डॉक्टर म्हणजे अर्धवट शिकलेला कॉलेजातला पोरगा. एका मुलीनं विचारलं, "तुम्ही असता तर काय दिलं असतं?" वसूनं पर्समधून लिंबाच्या लोणच्याची बरणी काढली. "हे!"

मी मागून ओरडले, "वसू, त्यात व्हिटॅमिन सी कुठलं टिकतंय?"

"तू गप गं. तू माणसांना झोपवतेस, मी जागं ठेवते."

त्या जहाजांची एक रीत होती, तिच्यावर वसूचा फार जीव. एक मेला डोलकाठीवर एक कडं चढवायचे, घरच्या बायकांनी दिलेल्या रिबिनी बांधलेलं. वाऱ्यानं चिंध्या झाल्या तरी जहाज घरी परतेपर्यंत ते उतरवायचं नाही. आणि परतलेल्यानं आपली रिबीन आपल्या हातानं सोडवायची... हे शेवटचं खरंच जुनं की वसूनं पदरचं घातलेलं, देव जाणे. म्युझियमच्या अंगणात जुनी डोलकाठी होतीच, तिच्यावर वसू दर एक मेला तसंच कडं चढवू लागली. एक मे म्हणजे आपला महाराष्ट्र दिन, तेव्हा आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका वसूला रिबिनींऐवजी जुन्या साड्यांचे काठ द्यायच्या. इरकली, नारायणपेठी... स्कॉटिश वाऱ्यात फडफडायचे. वसूचा स्वतःचा निळा काठ दरवर्षी तोच. आम्हाला वाटायचं, अशोकसाठी. एकदा मी विचारलंच.

"गेलेल्यासाठी कोण बांधतं गं? जो यायचाय त्याच्यासाठी बांधतात. समीरचा आहे तो."

"अगं, तो तर तुलाच घरी बोलावतोय!"

"तेच तर! घर सोडून गेलं कोण, तो का मी? येतो तो मला न्यायला. एका रात्रीसाठी, लॅपटॉप घेऊन. मला न्यायचं मनात न ठेवता एकदा नुसता घरी यावा, चार दिवस लोळावं, बास."

"मग सांग ना त्याला."

"सांगितलं की कर्तव्य म्हणून येईल. मला नको ते." बाई हट्टी, पहिल्यापासून.

यंदाच्या एक मेला ती अंगणात खुर्चीवर, अंगावर रग, आणि शिडीवरच्या इयनला हुकूम सोडत होती. "अजून वर! ते काय पडदे लावतोयस?" बेसिंगस्टोकला गेली नाही ती नाहीच. महिना संपता संपता गेली, आपल्या गावात, आपल्या पलंगावर. मला याचा अभिमान वाटतो. समीर तिचं जास्त झाल्याचा निरोप मिळताच निघाला होता, पण पोचेपर्यंत उशीर झाला.

सगळं आटोपल्यावर समीर ऑफिसातून मोठी रजा घेऊन तिच्याच घरी राहिला. एका सकाळी मी त्याला म्युझियममध्ये नेलं. इयन म्हणाला, हवं तर कडं घेऊन जा, आईची आठवण. मी म्हटलं, "मुळीच नाही. जहाज यायचंय अजून."

समीर वर बघत होता. "मावशी, तो निळा बाबांसाठी ना?"

मी सगळं सांगून टाकलं, रिबीन सोडवायची रीतसुद्धा. वसू असती तर माझ्यावर खेकसली असती, खेकसू दे. पोरगा डोलकाठीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "पण आता मी आलोय ना, मावशी? मी काय न्यायला नाही आलो. मी राहतोय."

"आलास रे बाळा."

इयननं शिडी धरली, समीर वर चढला. गाठ वसूची, ती काय सहज सुटते! इयननं कात्री पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. नखांनी, दातांनी सोडवत राहिला. काठ हातात आला तेव्हा शिडीवरूनच, शाळेतून येऊन दारात दप्तर टाकणाऱ्या मुलासारखा म्हणाला, "आई, मी आलो."

बाकीचे काठ अजून वर आहेत. निळ्याची जागा तेवढी रिकामी आहे, आणि तिथं दुसरं काही बांधायचं नाही, असं मी इयनला बजावून आलेय.